फिल्टरला जुनाट म्हणणाऱ्यांना

या दिवाळीत माझा भाचा पुण्याहून आला होता. सकाळी ओट्यापाशी उभा राहून त्याने आमचा स्टीलचा कॉफी फिल्टर हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "मावशी, आता तरी हे काढून टाक. चांगलं एस्प्रेसो मशीन घे. घरी खरी कॉफी प्यायची तर दुसरा मार्ग नाही." त्याच दिवशी दुपारी फराळाला आलेल्या शेजारच्या सूनबाईही तेच म्हणाल्या. त्यांनी सेलमध्ये 18 हजारांचं मशीन घेतलं होतं. गेल्या दोन-तीन वर्षांत यवतमाळात दारव्हा रोडपासून आर्णी रोडपर्यंत ज्या ज्या घरी नवं स्वयंपाकघर झालं, तिथे मी हाच सल्ला ऐकला आहे. नवी चिमणी, नवा ओव्हन आणि त्यांच्या शेजारी कॉफीचं मशीन.

मी 31 वर्षं इथल्या कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवलं. मोजल्याशिवाय वाद घालायची मला सवय नाही. म्हणून तेव्हा भाच्याला काही बोलले नाही. तो गेल्यावर थर्मामीटर, वजनकाटा आणि मोजपात्र काढलं. हे त्याला दिलेलं उत्तर आहे, आणि ते त्याच्यासारखा सल्ला देणाऱ्या सगळ्यांना लागू आहे.

त्याचे मुख्य मुद्दे चार होते. दाबाशिवाय कॉफीचा अर्क नीट उतरत नाही. फिल्टरला फार वेळ लागतो. बाहेरच्या महागड्या कॉफीचे पैसे वाचतात आणि मशीनची किंमत वर्षभरात वसूल होते. आणि घरातल्या बाईचे कष्ट कमी होतात. चारही मुद्दे त्याने मनापासून मांडले होते, शेवटच्यात तर बरंच तथ्य आहे. तरी यवतमाळच्या घरासाठी त्याने काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे.

दाबाचं आधी घेऊ, कारण सगळी जाहिरात त्यावरच चालते. एस्प्रेसोला 9 बार दाब लागतो हे खरं. वातावरणाच्या नऊपट दाबाने गरम पाणी बारीक दळलेल्या, घट्ट दाबलेल्या कॉफीतून 25-30 सेकंदांत पार होतं. 1948 मध्ये मिलानच्या गाजिया यांच्या यंत्राने ते साधलं आणि कपावर तो सोनेरी फेस आला. पण तो दाब कशासाठी हवा? पाण्याला अर्ध्या मिनिटात पार व्हायचं आहे म्हणून. इटलीतल्या बारमध्ये माणूस उभ्याने येतो, उभ्याने पितो आणि जातो. तिथे अर्ध्या मिनिटाला किंमत आहे. दाब हा वेळेचा मोबदला आहे. वेळ दिला तर दाबाची गरज उरत नाही. 1950 च्या दशकात अमेरिकेत लॉकहार्ट यांनी जे काम केलं त्यातून निघालेला आणि आजही वापरात असलेला ठोकताळा असा, की कॉफीच्या वजनाच्या 18 ते 22 टक्के भाग पाण्यात उतरला म्हणजे चव जमते. त्याहून कमी उतरला तर आंबटसर लागते, जास्त उतरला तर कडू. हे प्रमाण दळण, तापमान, वेळ आणि पाण्याचं माप यांनी गाठता येतं. आमचा फिल्टर ते 20 मिनिटांत, केवळ गुरुत्वाकर्षणावर गाठतो.

फिल्टरमधलं पाणी थंड होतं, असाही त्याचा आक्षेप होता. यात अर्धं सत्य आहे. यवतमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे 445 मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे पाणी साधारण 98.5 अंशांना उकळतं. कॉफीला 90 ते 96 अंश लागतात. मी फिल्टर थेट कपाटातून काढून पावडर घातली आणि उकळतं पाणी ओतलं, तर आतलं तापमान 88 अंशांवर आलं. दुसऱ्या दिवशी आधी फिल्टर उकळत्या पाण्याने विसळला, मग पावडर घातली. या वेळी 93 अंश मिळाले. फरक जिभेला कळण्याइतका होता. दोष भांड्याचा नव्हता, भांडं गार होतं एवढंच. त्यावर उपाय अर्धी वाटी गरम पाणी आहे.

बाजारातल्या 15 बार, 20 बारच्या आकड्यांविषयी एकदा स्पष्ट बोलायला हवं. तो आकडा पंप जास्तीत जास्त किती दाब देऊ शकतो याचा असतो, कॉफीवर तेवढा दाब द्यायचाही नसतो. शिवाय खरा एस्प्रेसो हवा असेल तर मशीनपेक्षा दळणयंत्र महत्त्वाचं. दळण एकसारखं नसेल तर पाणी वाट सापडेल तिथून धावतं आणि उरलेली कॉफी कोरडी राहते. मिक्सरच्या भांड्यात फिरवलेल्या बियांचं अर्धं पीठ होतं आणि अर्धी भरड राहते. म्हणून स्वस्त मशिनांत दुहेरी तळाची जाळी देतात. तिच्या तळाशी एकच बारीक छिद्र असतं, त्यातून अर्क फवारला जातो आणि फेस तयार होतो. सूनबाईंच्या कपात जो फेस आला तो त्या छिद्राचा होता. सहा महिने पाकिटात पडलेल्या पावडरीत फेस आणणारा कार्बन डायऑक्साइड वायू शिल्लकच नसतो. आणि एवढं सगळं करून आपण त्यावर काय ओततो? दूध. दुधात तो फेस विरतो. ज्या गोष्टीसाठी 18 हजार मोजले ती पहिल्या अर्ध्या मिनिटात नाहीशी होते.

दुधापाशी मला थोडं थांबायचं आहे, कारण मशीन निवडणाऱ्यांच्या चर्चेत ते कुठेच येत नाही. आमच्याकडे रोज दीड लिटर म्हशीचं दूध येतं. त्यात स्निग्धांश 6-7 टक्के असतो, गाईच्या दुधाच्या जवळपास दुप्पट. ते तापवलं की वर बोटभर साय येते. अशा दुधात ठिबक यंत्राची, म्हणजे लिटरभर पाण्याला 60 ग्रॅम पावडरीची पातळ कॉफी घातली तर फक्त रंग बदलतो, चव कुठेच लागत नाही. म्हशीच्या दुधाला दाट डिकॉक्शन, म्हणजे फिल्टरखाली उतरलेला अर्क, हवं. माझं माप सांगते. 25 ग्रॅम पावडर, 150 मिलिलिटर पाणी. पावडर स्वतःच्या वजनाच्या दुप्पट पाणी धरून ठेवते, म्हणजे 50 गेलं; खाली 100 मिलिलिटर उतरतं. त्यात चार माणसांची कॉफी होते, प्रत्येकी 25 मिलिलिटर डिकॉक्शन आणि त्याच्या चौपट दूध. कप हातात घेतला की आधी कॉफीचा वास येतो, मग दुधाचा. दक्षिणेतले लोक हा फिल्टर दूध घालून प्यायच्या कॉफीसाठीच वापरतात, आणि आपणही तशीच पितो. आपल्या पिण्याच्या पद्धतीला इतकं चपखल बसणारं साधन दुसरं नाही.

आता पाणी. मला सगळ्यात जास्त राग याच बाबतीत येतो, कारण विकणारा याविषयी चकार शब्द काढत नाही. आपला जिल्हा बहुतांशी काळ्या पाषाणावर बसलेला आहे. विहिरीचं, बोअरचं पाणी जड. पाणी तापवायच्या भांड्याच्या तळाशी पांढरा थर बसतो, तो प्रत्येकीने खरवडला आहे. पाण्यात विरघळलेली कॅल्शियम-मॅग्नेशियमची बायकार्बोनेटं उष्णतेने फुटतात आणि चुन्याचा थर उरतो. भांड्यात तो दिसतो, हात पोचतो, लिंबू चोळलं की निघतो. मशीनमध्ये पाणी काडीएवढ्या नळ्यांतून आणि तापलेल्या धातूच्या बारीक वाटांतून जातं. तिथे थर बसला तर दिसत नाही आणि हातही पोचत नाही. दर महिन्या-दोन महिन्यांनी क्षार काढायचं द्रावण फिरवायचं, ते फिरवायला विसरलं की पाणी गरम होईनासं होतं, पंप घरघरतो आणि एक दिवस बंद पडतो. ओळखीच्या एका घरचं मशीन 14 महिन्यांत बंद पडलं. हमी 12 महिन्यांची होती. दुरुस्तीला नागपूर, म्हणजे जवळपास 150 किलोमीटर. आता ते माळ्यावर आहे.

"मग कॅनचं आरओ पाणी वापरा," असं लगेच उत्तर येतं. वापरलं तर थर बसत नाही हे बरोबर. पण आरओ पाण्यातले जवळपास सगळेच क्षार गेलेले असतात आणि कॉफीची चव पाण्यात उतरायला थोडे क्षार लागतात. स्पेशालिटी कॉफी असोसिएशनने लिटरला 150 मिलिग्रॅम विद्राव्य क्षार आदर्श मानले होते. निव्वळ आरओ पाण्यात केलेली कॉफी मला बोथट लागते. मी नळाचं गाळून उकळलेलं आणि आरओचं अर्धं अर्धं घेते. इथे एक सूचना मात्र फार काळजीने करते. पांढरकवडा परिसरात आणि जिल्ह्याच्या इतर काही भागांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. तिथे चवीसाठी बोअरचं पाणी मिसळू नका. फ्लोराइड उकळून जात नाही, पाणी आटतं तसं ते उलट दाट होतं. तिथे कॉफी थोडी बोथट लागली तर लागू द्या.

आणि पाणी किती लागतं हेही पाहा. 2018 चा उन्हाळा आपण विसरलेलो नाही. निळोणा आणि चापडोह ही दोन्ही धरणं तळाला गेली होती, शहरात टँकरच्या मागे बायका-मुलं धावत होती, नळ कधी येईल ते कुणी सांगू शकत नव्हतं. आमच्या घरी तेव्हा भाज्या धुतलेलं पाणी झाडांना जात होतं. मशीनला प्रत्येक वेळी आधी पाणी सोडून गरम करायचं, दूध फेसाळल्यावर वाफेची नळी धुवायची, गळतीचं तबक धुवायचं. फिल्टरला पेलाभर पाण्याने विसळलं की झालं, आणि गाळ तुळशीच्या कुंडीत. ज्या गावाने पाण्यासाठी रात्री जागून काढल्या आहेत, त्या गावात साधन निवडताना हा हिशेब आधी करायचा असतो.

विजेचंही तसंच. एप्रिल-मेमध्ये पारा 44-45 वर गेला, घरोघरचे कूलर सुरू झाले की आमच्या भागात दुपारी विजेचा दाब उतरतो. मी स्वतः मल्टिमीटरवर 185 व्होल्ट पाहिले आहेत. तापवणाऱ्या यंत्राची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. 230 व्होल्टला 1000 वॅट देणारं यंत्र 185 ला जेमतेम 650 वॅट देतं. त्यात पंपही कमजोर पडतो. म्हणजे ज्यांच्यासाठी मशीन घेतलं होतं तो पाण्याचा दाबही नाही आणि तापमानही नाही. वळवाचा पाऊस आला, झाड तारांवर पडलं, लाइट गेली, तर घरचा साधा 900 व्हीएचा इन्व्हर्टर पंखे-दिवे ओढतो, मशीन ओढू शकत नाही. गॅसवर पाणी उकळायला वीज लागत नाही.

परदेशी नातेवाईक मशीन आणतात त्यांच्याविषयीही सांगायला हवं, कारण यवतमाळातही आता बऱ्याच घरांतली मुलं अमेरिकेत आहेत. 2011 साली माझी आतेबहीण न्यू जर्सीहून ठिबक कॉफीचं यंत्र घेऊन आली. फार प्रेमाने आणलं होतं तिने, कपड्यांत गुंडाळून, काचेचा जग शाबूत राहावा म्हणून हातातल्या बॅगेत. मी महाविद्यालयात गेले होते. घरच्यांनी पिनेचा अडॅप्टर लावला आणि बटण दाबलं. अडॅप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो, व्होल्टेज बदलत नाही. तिकडे 120 व्होल्ट, इकडे 230. 900 वॅटच्या यंत्रातून एकदम 3300 वॅट जाऊ लागले. दोन मिनिटांत जळक्या प्लास्टिकचा वास घरभर पसरला आणि प्लगपाशी भिंत काळी झाली. नशीब, मुलं जवळ नव्हती. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते: तिकडून येणाऱ्यांनी यंत्राखालची पट्टी वाचून मगच आणावं. 220-240 लिहिलेलं नसेल तर आणू नये. वेगळा ट्रान्सफॉर्मर लावता येतो, पण एवढ्या शक्तीचा ट्रान्सफॉर्मर काही किलो वजनाचा असतो, त्याला ओट्यावर जागा कुठून देणार?

खर्चाचा मुद्दा दोन ओळींत संपतो. भाचा पुण्यात दिवसाला 200 रुपयांची कॉफी बाहेर पितो. त्याची वसुली होत असेल. माझ्या घरात कोणी तशी पीत नव्हतं. जे पैसे खर्चच होत नव्हते ते वाचणार कसे? पावडर 800 रुपये किलो धरली तरी 25 ग्रॅमचे 20 रुपये होतात, म्हणजे कपामागे 5 रुपये, वर दूध-साखर. कॅप्सूलवाल्या यंत्रांविषयी तर बोलायचीही इच्छा नाही. प्रत्येक कपामागे एक डबी फेकायची आणि त्या यंत्राला बसणाऱ्याच डब्या मागवत राहायच्या, हे कर्ज घेतल्यासारखं आहे.

आता जिथे समोरचा बरोबर आहे तिथे मान्य करते. घरात कुणाचं कोलेस्टेरॉल वाढलेलं असेल तर कागदाच्या गाळणीतून केलेली कॉफी चांगली. बियांतल्या तेलात कॅफेस्टॉल नावाचं द्रव्य असतं, ते वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं. कागद ते अडवतो. फ्रेंच प्रेसची धातूची जाळी ते जाऊ देते आणि उकळून केलेल्या कॉफीत तर ते भरपूर येतं. स्टीलच्या फिल्टरमधूनही काही प्रमाणात येतं. कागदी गाळणी 1908 मध्ये ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्स या गृहिणीने शोधली, मुलाच्या वहीतला टीपकागद छिद्रं पाडलेल्या भांड्यात ठेवून. एका बाईने आपल्या स्वयंपाकघरात गाळाला कंटाळून केलेला हा शोध आहे आणि मला त्याचं फार कौतुक वाटतं. त्यासाठीही वीज लागत नाही, शंकूच्या आकाराचं प्लास्टिकचं किंवा चिनी मातीचं पात्र आणि कागद पुरतो. माझ्या दिरांना हृदयविकार आहे. ते आले की त्यांच्यासाठी मी ती कागदी गाळणीच काढते. त्यांना कॉफी दुधाशिवाय, पातळ, चालते.

मोका पॉटचीही मी बाजू घेईन. बियालेत्तीने 1933 मध्ये आणलेलं हे अष्टकोनी भांडं गॅसवर चालतं, पाच-सात मिनिटांत दाट अर्क देतं आणि त्यात बिघडण्यासारखं फक्त एक रबरी चकती असते. ॲल्युमिनियमचं घेतलं तर इंडक्शनवर तापत नाही, स्टीलचं बघावं. पाणी झडपेच्या वर भरू नये, त्या झडपेत सुरक्षा आहे. आपल्या शेगडीच्या मोठ्या कड्यांवर ते डगमगतं, म्हणून खाली छोटी जाळी ठेवावी लागते. आमच्याकडे एक आहे. मुलगी परीक्षेच्या दिवसांत वापरायची. रोजच्याला मात्र फिल्टरच, कारण मोकावर लक्ष ठेवून उभं राहावं लागतं. जरा जास्त वेळ राहिलं की कडू-जळकट होतं.

दुसऱ्या बाजूने येणाऱ्यांनाही उत्तर द्यायचं आहे. ते म्हणतात, एवढा खटाटोप कशाला, चमचाभर इन्स्टंट साखरेबरोबर फेटली की झालं. मी त्यांना एवढंच सांगते की पाकीट उलटं करून वाचा. बऱ्याच पाकिटांत 30 टक्के चिकोरी असते. चिकोरी म्हणजे एका झाडाचं भाजलेलं मूळ, त्यात कॅफिन नाही. कायद्याने मिश्रणात कॉफी 51 टक्क्यांपेक्षा कमी चालत नाही आणि चिकोरीचं प्रमाण पाकिटावर छापावंच लागतं. चिकोरी वाईट नाही. माझ्या फिल्टरच्या पावडरीतही 20 टक्के असते, तिने डिकॉक्शनला दाटपणा येतो, पाणी सावकाश उतरतं आणि म्हशीच्या दुधात रंग टिकतो. पण ते मी ठरवून घेते. फेटलेल्या कॉफीत आपण फेस पितो आणि कॉफी प्यायलो असं समजतो.

आणि जे म्हणतात की दूध-साखर-जायफळ घालून तुम्ही मराठी लोक कॉफीचं वाटोळं करता, त्यांचा तर मला मनापासून विरोध आहे. माझ्या आईकडे पाहुणे आले की ती सहाणेवर जायफळाचे दोन वेढे घ्यायची. दोनच. तिसरा घेतला तर कडवटपणा येतो, असं ती म्हणायची. ते ओलं उगाळलेलं बोटाने निपटून दुधात घालायची आणि दूध उकळी येण्याआधी उतरवायची. वडील बँकेच्या नोकरीत तीन वर्षं हुबळीला होते, तिथून तिने पितळी फिल्टर आणला होता. त्याला आतून कल्हई करून घ्यायला ती दरवर्षी विसरत नसे. हुबळीचा फिल्टर, म्हशीचं दूध आणि कोकणातलं जायफळ अशी कॉफी मी लहानपणी प्यायले. ही चव कुणा परदेशी पेयाची बिघडलेली नक्कल नाही. ती आपल्या घरांत तयार झाली आहे, तिची स्वतःची मापं आहेत, आणि ती मापं कोणत्याही मशीनच्या माहितीपत्रकात नाहीत. कॉफीचं झाडही आपल्यापासून फार लांब नाही. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याला जाऊन पाहता येतं. ती लाल फळं मी हातात घेतली आहेत.

तेव्हा घ्यायचाच असेल तर फिल्टर कसा घ्यायचा ते सांगते, कारण तोही डोळे मिटून घेतला तर फसतो. वरचं भांडं उजेडाकडे धरून पाहा: छिद्रं बारीक आणि सारखी हवीत, एखादं मोठं असेल तर पावडर खाली येते. वरचं खालच्यावर घट्ट बसलं पाहिजे, पण वाफ धरून बसेल इतकं नाही. तसं झालं की डिकॉक्शन उतरतच नाही आणि लोक पावडरीला दोष देतात. आतली दांडीची चकती वजनदार हवी. आकार घरातल्या माणसांएवढाच घ्या. मोठ्या फिल्टरमध्ये थोडी पावडर घातली की थर पातळ होतो आणि पाणी भसकन निघून जातं. चौघांना 200-250 मिलिलिटरचा पुरे. पितळी हवा असेल तर कल्हईवाला अजून सापडतो का ते आधी पाहा. वाचलेल्या पैशांतून हाताने फिरवायचं चांगलं दळणयंत्र घ्या, आणि बिया एका वेळी 250 ग्रॅमपेक्षा जास्त मागवू नका. आपल्या उन्हाळ्यात दळलेल्या पावडरीचा वास आठवड्यात उडतो. फ्रीजमध्ये ठेवू नका, ओल धरते आणि शेजारच्या कोथिंबिरीचा वास घेते.

राहिला शेवटचा मुद्दा, बाईच्या कष्टांचा. भाच्याने तो आपल्या आईकडे पाहून मांडला होता, म्हणून मी तो हलका मानत नाही. त्याची आई, म्हणजे माझी बहीण, 40 वर्षं पहाटे उठून सगळ्यांचं करत आली. पण मशीनने तिचं काय वाचलं ते मी पुण्यात चार दिवस राहून पाहिलं. मशीन एका वेळी दोन कप काढतं. आम्ही सहा जण होतो. ती प्रत्येकासाठी वेगळी पावडर दाबत होती, वेगळं दूध फेसाळत होती, मधेच तबक रिकामं करत होती, आणि तिची स्वतःची कॉफी सगळ्यांत शेवटी, बाकीच्यांचे कप धुवायला आल्यावर झाली. बटण दाबायला भाचा होता, धुवायला ती होती. फिल्टरने डिकॉक्शन एकदाच उतरतं आणि सहाही जणांना एकदम मिळतं. हळदीकुंकवाला 20 बायका आल्या तरी मी दोन फिल्टर लावून ठेवते आणि त्यांच्यात येऊन बसते.

परवा आमच्या दूधवाल्या भाऊंनी विचारलं, "ताई, मशीन कायले पाहिजे जी? सायेबच करतात ना काफी." खरं आहे ते. सहा वर्षांपूर्वी माझा गुडघा दुखायला लागला तेव्हापासून सकाळची कॉफी यांच्याकडे आहे. साडेपाचला उठतात, पाणी ठेवतात, फिल्टर गरम पाण्याने विसळतात, तीन चमचे सपाट करून घालतात, पाणी ओततात आणि झाकण लावून दूध घ्यायला फाटकापाशी जातात. भाऊंशी दोन शब्द बोलून, पेपर उचलून परत येईपर्यंत 20 मिनिटं झालेली असतात. मला हाक येते तेव्हा कप भरलेला असतो.